आधी सिमेंट, मग मिस्त्री? हा हिशेबच उलटा आहे

कोकणात आपल्या लोकांचं घर बांधायचं ठरलं की पहिला सल्ला तयारच असतो : "माल आपणच घेऊन टाका. ठेकेदाराच्या हातात पैसा दिला की गेला." चाचा सांगतात, मामू सांगतात, कुवेतहून मोठा भाऊ फोनवर सांगतो. नकाशा झालेला नाही, मिस्त्री ठरलेला नाही, आणि अंगणात वाळूचा ढीग मात्र पडलेला असतो. सिव्हिलचा डिप्लोमा करून नऊ वर्षं मी घरांच्या कामांवर देखरेख करतोय. माझ्या मते हा सल्ला आपल्याला महाग पडतो, आणि वडीलधारे देतात म्हणून आपण तो तपासतही नाही.

सिमेंटपासूनच बघा. सिमेंट हवेतला ओलावा ओढतं. नीट साठवलेल्या गोणीचीही ताकद तीन महिन्यांत साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते, म्हणून तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट पुन्हा तपासून घ्या असं सांगतात. आणि आपण ते ठेवतो कुठे? जुन्या घराच्या पडवीत, भिंतीला टेकवून, खाली फळीसुद्धा नाही. नात्यातल्या एका घरी दिवाळीनंतर दोनशे गोण्या घेतल्या, "भाव वाढतील" म्हणून. परवानगीचा कागद रखडला, जून उजाडला. खालच्या थरातल्या गोण्या दगड झाल्या. भाववाढीतून वाचणार होते त्याच्या कितीतरी पट पैसे त्या पडवीत गेले.

वाळूचं तर विचारूच नका. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे आपण वाळू आकारमानावर विकत घेतो. थोडी ओली वाळू फुगते, कधी पाव भागाने, कधी त्याहूनही जास्त. ट्रक भरलेला दिसतो, पण त्यात पैसे मोजले तेवढी वाळू नसते. खाडीची खारट वाळू स्वस्त मिळाली म्हणून न धुता वापरली, तर आतली सळई गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटतात. हे ज्याला कळतं त्याला तुम्ही अजून कामावर ठेवलेलंच नाही!

सळईचंही तसंच. किती लागेल हे कोण सांगणार? स्ट्रक्चरल ड्रॉइंग. ते नसताना आपण शेजाऱ्याला विचारतो, "तुमच्या घराला किती टन लागलं?" त्याचा गाळा वेगळा, त्याची जमीन वेगळी. मग बारा मिलिमीटरची सळई उरते आणि आठची कमी पडते. मिस्त्री हातात आहे ते वापरून टाकतो.

समोरची बाजू मला माहीत आहे. ठेकेदार दुकानदाराकडून कमिशन खातात, हे खरं आहे. चांगल्या कंपनीचे पैसे घेऊन हलका माल टाकणारेही आहेत. मीच अशी बिलं पाहिली आहेत. पण माल आपण घेतला म्हणून चोरी थांबते का? मजुरीवर काम करणाऱ्याला तुमची गोणी वाचवण्यात काही फायदा नसतो. उघडी गोणी रात्रभर पडून राहते, सळईचे तुकडे भंगारात जातात. आणि स्लॅब गळला की त्याचं उत्तर एकच : "माल तुमचा होता, साहेब." एका खरेदीत तुम्ही त्याला जबाबदारीतून मोकळं केलेलं असतं.

गंमत म्हणजे ज्या माणसावर पाचशे गोण्यांचा भरोसा नाही, त्याच्याशी आपण लाखोंचं काम तोंडी ठरवतो. "घरचाच माणूस आहे, कागद कशाला?" सूरह बकराची २८२ वी आयत आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असं सांगणारी कुरआनातली ही सर्वांत लांब आयत. ती आपण ऐकतो आणि घराच्या वेळी विसरतो. कागद मागितला की समोरच्याला अपमान वाटेल, ही भीती आधी मनातून काढा.

मग माल स्वतः घ्यायचाच नाही का? घ्या, जरूर घ्या, पण क्रम बदला. आधी ड्रॉइंग, मग मिस्त्री किंवा ठेकेदार आणि लेखी करार, मग त्या त्या टप्प्याचा माल. जोत्याच्या वेळी जोत्याचा, स्लॅबच्या वेळी स्लॅबचा. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. सळई वजन करून घ्या : व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत येतं. बारा मिलिमीटरची बारा मीटर सळई साधारण १०.६६ किलो भरायला हवी. फारच कमी भरली तर गाडी परत पाठवा.

आणि हे सगळं रोज साइटवर उभं राहणारा कुणी घरात असेल तरच. घरातले कमावते आखातात आणि गावात सत्तरीचे अब्बा असतील, तर मालासकट ठेका द्या. करारात सिमेंटची कंपनी, सळईचा दर्जा, वाळू कुठली हे लिहा. पैसे काम मोजून टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. या अटीला नाक मुरडणारा ठेकेदार भेटला, तर दुसरा शोधा. अब्बांना मात्र उन्हात वाळू मोजायला लावू नका.