४८ केबीची तालीम

ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२मध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा श्रीमंतांचा संगणक नव्हताच. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ला. पडदा घरच्या टीव्हीचा, साठवण कॅसेटवर. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६मध्ये परवान्याखाली 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला.

आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर. पडद्यावर २५६ बाय १९२ ठिपके, पण आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग. त्यामुळे खेळातला हिरो झाडाजवळ गेला की तोही हिरवा! शिवाय २१ चिन्हे स्वतः घडवता येत. आलेखाच्या वहीत चौकोन रंगवायचे, ओळीओळीचे आकडे काढायचे, की पडद्यावर 'क' उमटलाच. अख्खी बाराखडी मात्र त्यात बसणार नाही.

रत्नागिरीच्या पावसात वीज गेली की अशा यंत्राची मेमरी कोरी होणार, हे खरेच. पण चालू करताच ते थेट बेसिकची आज्ञा मागे. शाळांच्या संगणक तासाला आज हेच हरवले आहे. मुले मेनू पाठ करतात, आत काय घडते ते गुलदस्त्यातच राहते.

जुने यंत्र मिळवण्याचा हट्ट नको. 'फ्यूज'सारखा मोफत एम्युलेटर शाळेतल्या जुनाट पीसीवरही चालतो, इंटरनेट लागत नाही. जिल्ह्यातल्या शाळांनी आठवीला आठवड्यातून एक तास त्याला द्यावा. आणि हो, आलेखाच्या वह्या आधी मागवाव्यात.