नवसंशोधनाचा हिशेब उत्तनच्या वलांडीपर्यंत आणा!

मोरवा, राई, मुर्धे, डोंगरी आणि उत्तनच्या ग्रामस्थांनो,

संशोधनावर सरकारचा, म्हणजे आपला, पैसा खर्च होतो. त्यातून किती उद्योग उभे राहिले, हे मोजलंच पाहिजे. आमचं भांडण मोजणाऱ्यांच्या पट्टीशी आहे.

नीती आयोगाच्या नवोन्मेष निर्देशांकात मोठ्या राज्यांमध्ये महाराष्ट्र २०२० च्या आवृत्तीत दुसरा होता, २०२१ च्या आवृत्तीत चौथा. या निर्देशांकात एका बाजूला मोजतात मनुष्यबळ, गुंतवणूक, संस्था. दुसऱ्या बाजूला पेटंट, स्टार्टअप, निर्यात. हिशेब राज्याचा, त्यामुळे पवईची आयआयटी आणि आपला खाडीकाठ एकाच आकड्यात बसवले जातात. युरोपीय संघ मात्र देशांची क्रमवारी लावून थांबत नाही, देशांतर्गत विभागांचीही वेगळी मोजणी करतो.

आता उत्तनच्या किनाऱ्यावर चला. बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत टाकलेले असतात. अवकाळी पावसाची एक सर येते आणि माल काळा पडतो, कुजतो. व्यापारी भाव पाडतो. डिझेलचा आणि बर्फाचा खर्च मात्र होऊन गेलेला असतो. यावर उपाय नाही असं नाही! कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने सौर ड्रायर तयार केले आहेत. बंद कप्प्यात गरम हवा खेळते, माशी बसत नाही, वाळू लागत नाही. ऊन गेलं तर गॅसवर किंवा विजेवर काम पुढे चालतं. आणि १९६१ मध्ये स्थापन झालेली मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आपल्याच किनाऱ्यावर, वर्सोव्याला आहे.

पण आजच्या पट्टीने प्रयोगशाळेत यंत्र तयार झालं, शोधनिबंध छापून आला, परवाना दिला गेला, की संशोधन यशस्वी ठरतं. आम्हाला हे मान्य नाही. बोंबील सुकवणाऱ्या बाईला ते यंत्र परवडतं का, कर्ज कोण देतं, बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं, सुक्या मासळीला भाव किती वाढून मिळाला, हे कळल्याशिवाय कार्यक्षमतेचा कुठलाही आकडा अर्धवटच आहे. मिठागरांना आणि भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या गाळ्यांनाही हेच प्रश्न लागू होतात.

म्हणून आमची मागणी: राज्य सरकारने ही मोजणी तालुक्यापर्यंत आणावी आणि मिरा-भाईंदर महापालिकेने आपल्या हद्दीतला हिशेब दरवर्षी मराठीत जाहीर करावा. कोणतं संशोधन इथे पोहोचलं, किती जणांनी वापरलं, किती जणांनी सोडून दिलं आणि का, हे सगळं त्यात हवं.

ग्रामस्थांनो, हीच मागणी आपापल्या नगरसेवकाकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि हे पत्रक शेजारच्या घरी पोहोचवा.