अर्ध्या माणसाची कार्डं

मंडळी, जुनी बेसबॉल कार्डं जमवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "विकलं तर किती येतील?" विचारणाऱ्यांचाही दोष नाही म्हणा. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचं टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. पोरांना बबलगमच्या पाकिटात मिळणारा पुठ्ठ्याचा तुकडा! असा आकडा ऐकला की बाकी सगळं ऐकू येणं बंद होतं.

पण माझं मत विचाराल तर मँटलला लिलाववाल्यांसाठी सोडून द्या. जमवायचीच असतील तर जीन कॉनलीची कार्डं जमवा. कोण हा कॉनली? तेच तर सांगायचंय.

कॉनली १९३० साली ओक्लाहोमामध्ये जन्मला. उंची ६ फूट ८ इंच. उन्हाळ्यात बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बोलर. हिवाळ्यात बास्केटबॉल. आणि दोन्हीकडे हौस म्हणून नाही, पगार घेऊन, सर्वोच्च पातळीवर. १९५७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या संघात तो होता. १९५९, १९६० आणि १९६१ अशी सलग तीन वर्षं एनबीए जिंकणाऱ्या बॉस्टन सेल्टिक्सच्या संघातही तो होता. वर्ल्ड सिरीज आणि एनबीए अशी दोन्ही विजेतेपदं मिळवलेला आजपर्यंतचा हा एकच माणूस. २०१७ मध्ये तो गेला, पण हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

आता त्याची कार्डं बघू. पहिलं १९५३ च्या टॉप्स संचातलं. त्या वर्षीच्या कार्डांवर फोटो नव्हते, हाताने रंगवलेली छोटी चित्रं होती. १९५७ मध्ये टॉप्सने रंगीत फोटो आणले आणि कार्डाचा आकार अडीच बाय साडेतीन इंच केला. तोच आकार आजही चालतो. त्याआधीची कार्डं जरा मोठी, त्यामुळे नऊ खिशांच्या प्लॅस्टिकच्या पानात ती बसत नाहीत, आठ खिशांचं वेगळं पान घ्यावं लागतं. १९६० च्या कार्डावर कॉनली फिलाडेल्फिया फिलीजचा, १९६१ च्या कार्डावर बॉस्टन रेड सॉक्सचा. १९६३ मध्ये त्याची बेसबॉलची कारकीर्द संपली.

हे झालं बेसबॉल. मग बास्केटबॉलची कार्डं? तिथेच खरी गंमत आहे. टॉप्सने १९५७-५८ मध्ये बास्केटबॉलचा एक संच काढला, तेव्हा कॉनली एनबीएत खेळत नव्हता. संच चालला नाही, म्हणून टॉप्सने बास्केटबॉलकडे पाठ फिरवली, ती थेट १९६९ मध्ये नवा मोठा संच काढेपर्यंत. मधल्या काळात फ्लीअर कंपनीने १९६१-६२ मध्ये ६६ कार्डांचा एकच संच काढला. त्यात बिल रसेल आहे, विल्ट चेंबरलेन आहे, कॉनली नाही. म्हणजे हा माणूस तीन वेळा एनबीए जिंकला, आणि ज्या वर्षांत जिंकला त्या वर्षांचं त्याचं एकही बास्केटबॉल कार्ड या संचांमध्ये सापडत नाही.

बेसबॉल कार्डाची मागची बाजू बघा. जिंकलेले सामने, हरलेले सामने, टाकलेल्या इनिंग्ज. सगळं व्यवस्थित रकान्यात. आम्ही डेटाबेसवाले लोक याला म्हणतो, स्कीमात कॉलमच नाही. ज्याला कॉलम नाही ते घडलं तरी घडलेलं नसतं. १९६१ चं रेड सॉक्सचं कार्ड हातात घेतलं की हे फार जाणवतं. त्याच वर्षी, त्याच बॉस्टन शहरात, या माणसाने एनबीएचं तिसरं विजेतेपद मिळवलं. कार्डाच्या रकान्यांना त्याचा पत्ता नाही. खोटं एक अक्षर नाही बरं का त्यात! फक्त माणूस अर्धाच आहे.

कोणी म्हणेल, कंपनी जे विकते तेच छापणार. बरोबर. नेमका तोच माझा मुद्दा आहे. डेव्ह डीबुशरचं उदाहरण घ्या. तो १९६२ आणि १९६३ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून पिचर होता आणि त्याच वेळी डेट्रॉइट पिस्टन्सकडून बास्केटबॉल खेळत होता. पुढे तो फक्त बास्केटबॉल खेळला आणि १९६९ मध्ये टॉप्स परतलं तेव्हाही खेळत होता, म्हणून त्याची दोन्ही खेळांची कार्डं निघाली. किंवा बो जॅक्सन. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल. १९८९ पर्यंत नायकेच्या जाहिरातींनी त्याचं दोन खेळ खेळणं हाच एक ब्रँड करून टाकला होता. १९९० मध्ये स्कोअर कंपनीने त्याचं एक ब्लॅक अँड व्हाइट कार्ड काढलं: अंगावर फुटबॉलचे शोल्डर पॅड, मानेमागे आडवी धरलेली बॅट. मस्तच आहे ते कार्ड, मला आवडतं. पण कॉनलीने तीस वर्षं आधी तेच केलं तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं. फरक खेळात नव्हता, बाजारात होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो अगदीच फालतू नाही. कॉनलीचा बेसबॉलमधला एकूण हिशोब ९१ विजय आणि ९६ पराभव. "एकाच खेळावर फोकस केलं असतं तर मोठा झाला असता." ओळखीचं वाक्य आहे ना? आपल्यापैकी ज्यांना ऑफिसनंतर तबला, ट्रेकिंग, नाटक असलं काही करायची खोड आहे, त्या सगळ्यांनी ते ऐकलेलं असतं. पण कॉनलीने १९५३ ते १९५८ बास्केटबॉल सोडून फक्त बेसबॉल खेळून पाहिलंच होतं. त्यातली काही वर्षं छान गेली. १९५५ च्या ऑल स्टार सामन्यात बाराव्या इनिंगमध्ये त्याने तिघांना ओळीने बाद केलं आणि विजय त्याच्या नावावर लागला. पण १९५८ मध्ये शून्य विजय, सहा पराभव. मग हिवाळ्यात तो बास्केटबॉलकडे परतला, सेल्टिक्सबरोबर विजेता झाला, आणि १९५९ च्या बेसबॉल हंगामात फिलीजकडून १२ विजय, ७ पराभव. दोन आकड्यांवरून सिद्धांत मांडणार नाही मी. पण "फोकस"वाल्यांनाही तो मांडता येत नाही, एवढं नक्की.

या दुहेरी आयुष्यात विश्रांती कुठे होती? नव्हतीच. एक हंगाम संपायचा तेव्हा दुसऱ्याचं दार उघडं. जुलै १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रेड सॉक्सच्या बसमधून तो पम्प्सी ग्रीन या सहकाऱ्याबरोबर खाली उतरला आणि परत चढलाच नाही. ग्रीन नंतर परतला. कॉनली विमानतळावर इस्राएलला जायला निघाला, पण पासपोर्टच नव्हता. लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. मला त्यात दमलेला माणूस दिसतो. हेही कुठल्या कार्डाच्या मागे नाही.

असो. जमवायचं ठरवलंत तर दोन गोष्टी सांगतो. एक, १ ते १० गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेल्या कार्डांच्या नादी लागू नका. तिथे पैसे कोपऱ्यांच्या धारेचे मोजायचे असतात. कोपरे गोल झालेलं, मधे घडी पडलेलं कार्ड घ्या. ते कुठल्यातरी पोराच्या खिशात राहून आलेलं असतं, आणि खिशालाही परवडतं.

दोन, १९५९, १९६० आणि १९६१ च्या कार्डांशेजारी प्रत्येकी एक खिसा मुद्दाम रिकामा ठेवा. पान उलटताना कोणीतरी विचारतंच, "इथलं कार्ड हरवलं का?" तेव्हा म्हणायचं, "छापलंच नाही. बस, सांगतो."