भंडारदऱ्यास केव्हां जावें ?

वैशाख उतरणीस लागला, माळ्यावरील आंब्यांची अढी संपत आली, कीं आमच्या काळेवाडीच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : ‘यंदा भंडारदऱ्यास केव्हां जावयाचें ?’ प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर घरांतील नऊ माणसांचीं नऊ मतें पडतात. मुलांस काजवे पाहिजेत, कॉलेजांत जाणाऱ्यांस धबधबे पाहिजेत, थोरल्या जाऊबाईंस दोन दिवस स्वयंपाकघर दिसावयास नको, आणि सासूबाईंस रतनवाडीच्या अमृतेश्वराचें दर्शन घडावें, तेंहि वाट निसरडी नसतांना. गेल्या कांहीं वर्षांत त्या एकाच जागीं आम्ही निरनिराळ्या ऋतूंत जाऊन आलों, आणि ज्या दोन वेळीं सारें पुणें-मुंबई तिकडे लोटतें, त्या दोन वेळांविषयींच आमचें मत पालटलें. तें कां पालटलें, हें आज सांगावयाचें आहे.

वाट बहुतेकांच्या परिचयाची. नाशिक रस्त्यानें चाकण, खेड, मंचर, नारायणगांव मागें टाकीत संगमनेर गांठावें, तेथून डावीकडे वळून अकोलें, राजूर आणि मग भंडारदरा. चाकणच्या वाहनांच्या कोंडींत जो वेळ जातो तेवढ्यांत जुनीं माणसें चिंचवडाहून आळंदीस चालत पोंचलीं असतीं, पण तो विषय निराळा.

प्रवरा नदी रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते. तिला शेंडी गांवाजवळ अडवून जें धरण बांधलें त्याचें काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. त्या वेळचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. दगडी बांधकाम, उंची सुमारें २७० फूट. १९६९ सालीं या भिंतीस भेगा दिसून आल्या, आणि पुढें मागील बाजूनें भक्कम टेकू देऊन ती सांवरण्यांत आली. आज धरणाखालच्या बागेंत उभे राहून वर पाहिलें असतां हे टेकू स्पष्ट दिसतात. मुलांना ते आवर्जून दाखवावे. निसर्गशोभा म्हणून आपण ज्या तळ्याकडे पाहतों तें माणसांनीं दुष्काळाच्या भीतीनें बांधलेलें आहे, खालच्या कालव्यांवरील शेतें त्यावर जगतात, आणि त्याच्या पोटांत गांवांची जमीन बुडालेली आहे, हें त्यांना कळलेलें बरें.

आतां ऋतूंकडे वळूं. मृगाच्या आधीं, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, घाटघर, साम्रद, उडदावणें, पांजरें, रतनवाडी या गांवांभोंवतालच्या झाडांवर काजव्यांची दाटी होते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर एकाच वेळीं हजारों ठिणग्या पेटतात आणि विझतात. हा प्रकाश थंड असतो. काजव्याच्या पोटांतील द्रव्याचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन तो उत्पन्न होतो, आणि त्यांत उष्णता जवळजवळ नसते. पण तो कांहीं आपल्या करमणुकीसाठीं नव्हे. नर उडतां उडतां खूण करतो, मादी झुडपांतून खुणेस उत्तर देते, आणि त्या उत्तरावर पुढची सारी पिढी अवलंबून असते. काजव्याच्या अळ्या ओल्या मातींत महिनेन् महिने राहतात, गोगलगायींवर पोसतात. पंख फुटल्यावर मात्र त्यास जेमतेम दोनतीन आठवड्यांचें आयुष्य असतें. त्या थोड्या रात्रींत मादीचें उत्तर नराच्या दृष्टीस पडलें नाहीं, तर वर्षभराची तपश्चर्या वांया गेली.

दोन वर्षांपूर्वीं ज्येष्ठांतील एका शनिवारीं आम्ही तेथें गेलों होतों. धरणाकांठच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग मैलभर लागली होती. प्रत्येकीचे दिवे चालू, प्रत्येकाच्या हातांत फोनची बॅटरी. एक गृहस्थ झाड हालवून काजवे पाण्याच्या बाटलींत भरीत होते, आणि त्यांचीं मुलें टाळ्या वाजवीत होतीं. त्या रांगेंत आमचीहि दोन वाहनें होतीं, हें लपवून काय उपयोग ? ज्या महादेव कोळी गृहस्थाकडे आम्हीं भाकरी-पिठल्याची सोय केली होती तो रात्रीं ओट्यावर बसून म्हणाला, ‘‘तुम्ही येवढं दिवं घिऊन येता, मंग त्यांनी आपलं दिवं कशापायी लावावं ?’’ सासूबाई त्या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत. परत येतांना मात्र चाकणपर्यंत त्या आमच्याशीं बोलल्या नाहींत, तेव्हां त्यांच्या मनांतलें आम्हांस कळलें.

दुसरी गर्दी आषाढ-श्रावणाची. सह्याद्रीचा हा भाग ज्वालामुखीच्या रसाचे थरांवर थर बसून कोट्यवधि वर्षांपूर्वीं तयार झाला. कठीण थराखालीं मऊ थर आला कीं मऊ थर झिजतो, आणि कड्याची पायरी तयार होते. पावसाळ्यांत या प्रत्येक पायरीवरून पाणी उडी घेतें. घाटघराकडे तर एका नजरेंत किती धारा मोजाव्यात असें होऊन जातें. पण पाऊस असा असतो कीं समोरचा डोंगर तासन् तास दिसत नाहीं. जे धबधब्यांची छायाचित्रें पाहून निघतात ते पुष्कळदां ढग पाहून परततात. याच दिवसांत खाचरांत भाताची आवणी चालते, बायका पाठीवर इरलीं घेऊन गुडघाभर चिखलांत ओणव्या असतात. त्यांच्या बांधावर मोटार उभी करून चित्रें काढणें शोभत नाहीं, एवढें तरी आपल्या घरांतील मुलांना सांगितलें पाहिजे.

आणि धोका. वर डोंगरांत पाऊस पडला म्हणजे खालीं ऊन असतांनाहि ओढा क्षणांत फुगतो. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत पुण्याहून सहलीस आलेल्या एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून जाऊन मरण पावले. त्यांत लहान मुलें होतीं. एकमेकांस धरून तीं माणसें प्रवाहाच्या मध्यभागीं उभीं होतीं. एकत्र कुटुंबाची सहल म्हणजे दहा-बारा माणसें, त्यांत कोण कोणास सांभाळतो आहे हें कोणासच नीट ठाऊक नसतें. त्या बातमीनंतर आमच्या घरीं नियम झाला, कीं वाहत्या पाण्यांत कोणीं घोट्याच्या वर उतरावयाचें नाहीं, आणि हा नियम थोरल्या भावोजींनाहि लागू आहे. (त्यांना पोहतां येतें, आणि तीच काळजी आहे.)

आमचा आवडता काळ त्यानंतरचा. धरण बहुधा ऑगस्टांत भरतें. पाणी सोडलें म्हणजे भिंतीच्या पायथ्याशीं एका गोलसर खडकावरून तें सर्व बाजूंनीं पसरून पडतें. छत्रीसारखें दिसतें म्हणून त्यास अंब्रेला धबधबा म्हणतात. खालीं काहीं मैलांवर घोरपडादेवीच्या देवळाजवळ रंधा धबधबा आहे. तेथें प्रवरा सुमारें पावणेदोनशें फूट खोल कोसळते. धरणांतून पाणी सुटलेलें असेल तरच त्याचा खरा भर पाहावयास मिळतो, म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करावी. भाद्रपद सरतां सरतां पाऊस विरळ होतो, रतनगडाच्या उतारांवर सोनकीचीं पिवळीं फुलें पसरतात, आकाश धुतलेलें असतें, आणि कळसूबाईचें शिखर, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १६४६ मीटर, पाण्यापलीकडे स्वच्छ दिसतें. गर्दी मात्र ओसरलेली असते. अमृतेश्वराच्या देवळाचा काळा दगड पावसानें न्हालेला असतो. शिलाहारांच्या काळचें हें देऊळ मानलें जातें. त्याच्या भिंतींवरील कोरीव काम उन्हाच्या तिरप्या किरणांत जसें उठून दिसतें तसें पावसाळ्यांत दिसत नाहीं. सासूबाईंनीं तेथें पुष्करणीच्या कांठीं तासभर बसून काढला.

हिंवाळ्याविषयीं फार लिहीत नाहीं. सकाळीं तळ्यावर धुकें, रात्रीं कडाक्याची थंडी. साम्रदची सांदण दरी पाहावयाची ती याच दिवसांत, पावसाळ्यांत त्या फटींतून पूर वाहतो. आमच्या वयाच्या गुडघ्यांनीं ती अर्धीच पाहिली.

चैत्रांत मात्र कोणी जात नाहीं. आम्ही एकदां गेलों, कामानिमित्त. पाणी कालव्यांवाटे खालीं गेलेलें, तळें आंत सरकलेलें, कांठावर तडकलेला गाळ. त्या गाळांतून दूरवर हंडे घेऊन जाणाऱ्या बायका दिसल्या. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आपण काळेवाडींत बसून सहज उच्चारतों. आमच्या नळास येणारें पाणीहि मावळांतल्या पवना धरणाचेंच आहे, हें त्या दिवशीं प्रथम अंगावर आलें.

क्रोएशियांत प्लित्विचे नांवाचें एक राष्ट्रीय उद्यान आहे. १९४९ पासून तें संरक्षित आहे, १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. एकाखालीं एक अशीं सोळा तळीं, आणि त्यांच्यामधून धबधबे. तेथील पाण्यांतला चुना शेवाळावर बसून बसून त्याचे बांध होतात, म्हणजे तेथें पाणीच आपलें धरण बांधतें. हे बांध इतके नाजूक आहेत, कीं पाण्यांत उतरण्यास सक्त बंदी आहे, आणि लोक लांकडी पुलांवरून चालत सारें पाहतात. चारहि ऋतूंत लोक जातात, थंडींत गोठलेले धबधबे पाहावयासहि. आपलें भंडारदरा १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, आणि वनखात्यानेंहि काजव्यांच्या दिवसांत वेळेचे व वाहनांचे निर्बंध घालण्यास आरंभ केला आहे. ते पाळावे किंवा न पाळावे, हें मात्र मोटारींत बसलेल्या माणसांच्या हातीं राहतें.

यंदाचा बेत असा ठरला. सर्वांनीं मिळून जावयाचें तें पितृपक्ष व नवरात्र उलटल्यावर, दसऱ्यानंतर. काजव्यांसाठीं फक्त चौघांनीं जावें, सोमवार-मंगळवारीं, अंवसेच्या सुमारास. मोटार गांवांतच ठेवावी, दिवे मालवावे, त्याच गृहस्थाच्या अंगणांत बसून जें दिसेल तें पाहावें, आणि फोन घरमालकिणीच्या फडताळांत ठेवावे. मुलें थोडी हिरमुसलीं, विशेषतः शेवटच्या कलमावर.

चौथें माणूस कोण, यावर चर्चा चालली असतां सासूबाई माजघरांतून म्हणाल्या, ‘‘अंधारांत बसावयास गुडघे लागत नाहींत. मी येतें.’’