शाळेची घंटा कोण वाजवणार?

परवा शहाद्याहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. नुकताच मुख्याध्यापक झालाय. मी अभिनंदन करायला लागलो तर म्हणाला, "सर, अभिनंदन राहू द्या. कुठल्या कागदावर सही करायची नाही, तेवढं सांगा."

आधी हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, त्याने विचारलं ते काही चूक नाही. मी स्वतः नंदुरबार जिल्ह्यातल्या एका खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम करून निवृत्त झालो. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळते. माणसं नेमण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, पण त्या माणसांनी काहीही केलं तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

शिक्षक येतात पवित्र पोर्टलवरून. नेमणुकीच्या पत्रावर सही संस्थेच्या सचिवांची. मान्यता शिक्षणाधिकारी देणार. एखाद्या कर्मचाऱ्यावर कारवाई करायची तर १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली. चौकशी समिती तिघांची: एक संस्थेचा, एक त्या कर्मचाऱ्याने निवडलेला आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. हा कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अध्यक्षांची मर्जी फिरली की "उद्यापासून येऊ नका" हे ऐकलेल्या शिक्षकांची पिढी मी पाहिली आहे. त्यांना तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येऊ लागलं, ही मोठीच गोष्ट. गंमत अशी की अजूनही कित्येक संस्थाचालकांनी ही नियमावली उघडून पाहिलेली नसते. रागाच्या भरात माणूस काढतात, चौकशी धड करत नाहीत आणि मग तो माणूस मागच्या पगारासकट परत येतो. खरोखर दोषी असला तरी परत येतो. मग म्हणायचं, कायदाच कर्मचाऱ्यांच्या बाजूचा!

पण आज लिहायला बसलो ते यासाठी नाही.

२०१४ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या आवारात तात्पुरत्या कामावर घेतलेल्या एका माणसाबद्दल एका मुलीची तक्रार होती. ती माझ्याकडे आली नव्हती, वर्गशिक्षकांकडेही नाही. ती आमच्या शिपाईमामांकडे गेली. का? मामा तिच्याशी भिलोरीत बोलायचे. आम्ही सगळे बोलायचो मराठीत, तेही पुस्तकी. तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, घरी फक्त आजी. मामांनी संध्याकाळी मला बाजूला घेतलं आणि खाली बघत सगळं सांगितलं.

मी काय केलं? संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना फोन केला. पलीकडून जे यायचं तेच उत्तर आलं. आधी आपल्या पातळीवर चौकशी करू, शाळेचं नाव आहे, घाई नको. त्या रात्री मी पोलिसांना फोन केला नाही. "खात्री करून घेऊ" असं स्वतःला समजावत राहिलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. सकाळी मामा माझ्या आधी शाळेत येऊन बसले होते. म्हणाले, "सर, मी जातो पोलीस स्टेशनला. तुम्ही नंतर या." मग मात्र मी त्यांच्याबरोबर उठलो.

तक्रार नोंदली गेली. तो माणूस गेला. पदाधिकारी माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. ते चालून गेलं. पण ती एक रात्र अजून माझ्या खात्यावर आहे.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या १९ व्या कलमात पळवाट नाही. गुन्हा घडला किंवा घडण्याची शक्यता आहे असं कळलं की पोलिसांना कळवायचंच. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. कायदा मुख्याध्यापकाला "खरं-खोटं ठरव" असं कुठेच सांगत नाही. ते काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. आपली खात्यांतर्गत चौकशी वेगळी आणि ही तक्रार वेगळी. पहिलीसाठी दुसरी थांबवायची नसते. हे मला पाठ होतं, तरीही मी थांबलो. म्हणून नव्या मुख्याध्यापकांना सांगतो, कायदा नुसता पाठ करून भागत नाही. फोन कुणाला करायचा हे आधीच ठरवून ठेवा. पहिला फोन पोलिसांना, दुसरा संस्थेला. पोलिसांचा लागत नसेल तर १०९८.

बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ च्या प्रकरणानंतर सगळा महाराष्ट्र हादरला. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता, आणि वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. लगेच शासन निर्णय निघाला: महिन्याभरात सीसीटीव्ही बसवा, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण पाहावं, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समिती नेमा. सगळं योग्यच आहे. पण त्याच सरकारी यंत्रणेने ११ डिसेंबर २०२० ला दुसरा एक निर्णय काढला होता, त्याची आठवण या गदारोळात कुणी काढली नाही. अनुदानित शाळांतली शिपायांची पदं त्या निर्णयाने निवृत्तीबरोबर संपत जाणार. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता. ग्रामीण भागात किती? महिन्याला पाच हजार रुपये.

आमचे मामा त्यानंतर निवृत्त झाले. त्यांचं पद त्यांच्याबरोबरच गेलं.

आता पाच हजारांत कोण येणार? जो येईल तो. चार महिने राहील, कापूस वेचणीची मजुरी बरी वाटली की जाईल. दुसरा येईल. दरवेळी पडताळणी कोण करणार? मुख्याध्यापक. तो कर्मचारी कुणाचा, शाळेचा, संस्थेचा की कुणाचाच नाही? त्याला सेवाशर्तींचं संरक्षण नाही, म्हणून नोकरी जाण्याची भीतीही नाही आणि शाळेशी बांधिलकीही नाही. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल, तर धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात दिवसातून किती तास वीज असते ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. वीज असली तरी कॅमेरा जे घडलं तेच दाखवतो. पोरीच्या मनात काय आहे ते तिच्या भाषेत विचारायला माणूसच लागतो. तक्रारपेटीत मराठीत चिठ्ठी लिहिण्याइतकी हिंमत आणि भाषा चौथी-पाचवीच्या पावरा मुलीकडे कुठून यायची?

तुम्ही म्हणाल, सरकारकडे पैसा नाही. असेल. पण मग निदान आदिवासी तालुक्यांतल्या शाळांपुरती तरी ही पदं ठेवा आणि स्थानिक बोली येणाऱ्यांनाच, शक्यतो एका बाईला, घ्या. संस्थाचालकांनीही एक करावं. तात्पुरता माणूस असला तरी नेमणूक लेखी द्यावी, पडताळणी पहिल्या दिवसाच्या आधी व्हावी, आणि मुख्याध्यापकाच्या "हा माणूस नको" या लेखी शेऱ्याला किंमत असावी. जबाबदारी देताय ना, मग थोडा अधिकारही द्या.

त्या मुलीचं पुढचं शिक्षण दुसऱ्या शाळेत झालं, एवढंच मला माहीत आहे. मामा अधूनमधून बाजारात भेटतात. त्या रात्रीबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

सहकाऱ्याला मी काय सांगितलं? म्हटलं, सह्या सगळ्या कराव्याच लागतील बाबा. पण आधी पोरं आपली गोष्ट कुणाला सांगतात ते शोधून काढ. तो माणूस शाळेत नसेल, तर तो तुला व्हावं लागेल. आणि भिलोरी शिकायला घे.

तो म्हणाला, "या वयात, सर?"

हो, या वयात.