ताईने दिलेली बॅट
16 नोव्हेंबर 2013. वानखेडेवर 200वी कसोटी संपवून सचिन तेंडुलकर निरोपाचं बोलायला उभा राहिला, हातात नावांची यादी. तीत थोरली बहीण सविताही होती. आयुष्यातली पहिली बॅट तिनेच दिलेली, काश्मीर विलो या लाकडाची. इंग्लिश विलोपुढे ही स्वस्तातली, पण लहानग्या भावासाठी लाखमोलाची. पुढे शिवाजी पार्कवर प्रशिक्षक आचरेकर सरांकडे त्याला नेलं भाऊ अजितने. ते सगळ्यांना ठाऊक आहे. ताईचा वाटा मात्र मागेच राहतो, आणि ते बरं नाही. सचिन बॅटिंगला असला की ती उपास धरायची, हेही त्यानेच त्या दिवशी सांगितलं. 24 वर्षांची कारकीर्द, आणि इकडे घरात उपाशी बसलेली बहीण! वाचकहो, तुमची पहिली बॅट, पहिलं पेन ताईने दिलं असेल, तर आज तिला फोन करा.