आसरा दिला म्हणता, मग कबरस्तानाची हद्द कशाला खाता?

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण अर्धी वाचून खाली भांडायला येऊ नका.

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. सकाळी गावच्या ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड आला. जगभर ज्यूंचा छळ झाला, फक्त आपल्याकडे नाही, नवगावला त्यांचं जहाज फुटलं आणि आपण त्यांना आसरा दिला, गर्वाने शेअर करा वगैरे. खाली हात जोडलेले, झेंडे, अंगठे. संध्याकाळी पारावर विषय निघाला की वाडीमागे बंगल्यांची स्कीम येतेय आणि तिला रस्ता हवाय. रस्ता सरळ काढायचा तर इस्रायली कबरस्तानाचा एक पट्टा जातो. सकाळी झेंडा टाकणाराच म्हणाला, "जाऊ दे की. तसंही त्यांचं आता कोण राहिलंय इथं?"

गावाचं नाव लिहीत नाही, कारण गाव माझंच आहे आणि मला तिथंच राहायचंय. पण राग आलाय, तो लिहितो.

आधी त्या 'आसरा दिला'बद्दल. नवगावची कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरलं. इतिहास किती, दंतकथा किती हा वाद विद्वानांचा. पक्कं एवढं की ही माणसं अष्टागरात तेलाचे घाणे चालवत होती, शनिवारी घाणा बंद ठेवत होती आणि म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १७३८ च्या एका मिशनऱ्याच्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. ग्रंथ नाही, हिब्रू येत नाही, प्रार्थनेतला 'शेमा' तेवढा येतो, असा. म्हणजे पोथी गेली, भाषा गेली, पण शनिवार राहिला.

आता हाच शनिवार स्पेनमध्ये काय करत होता बघा. १४९२ मध्ये तिथल्या राजाराणीने हुकूम काढला, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. जे थांबले त्यांच्यावर धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची नजर. शनिवारी कोणाच्या धुराड्यातून धूर निघत नाही? कोण डुकराच्या चरबीऐवजी तेलात स्वयंपाक करतं? शेजाऱ्याने एवढं सांगितलं तरी चौकशी लागायची. मुसलमानांचंही तेच. त्यांनाही बाप्तिस्मा दिला, 'मोरिस्को' नाव ठेवलं, आणि शंभरेक वर्षांनी, १६०९ ते १६१४ मध्ये, तुम्ही खरे ख्रिस्ती नाहीत म्हणून तीनेक लाख माणसं जहाजांत भरून बाहेर काढली. नातवंडं-पतवंडं बाप्तिस्मा झालेली, तरी बाहेर. किती जणांची लहान मुलं मागे ठेवून घेतली.

हे सगळं तिकडे लांब युरोपात झालं असं वाटतं ना? रेवदंड्याच्या कोटात जाऊन या. आपण शनिवार-रविवारी जिथे फोटो काढतो, ते पोर्तुगीजांचं चौल. गोव्याला १५६० मध्ये इन्क्विझिशन बसली आणि तिचा अंमल इथल्या पोर्तुगीज मुलखावरही होता. औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे मुंबई बेटाचा पट्टा होता, तो अशाच बाटवलेल्या ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये वारला म्हणून सुटला म्हणावं, तर पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळलं आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. हाडं! मेलेल्या माणसालाही जागा द्यायची नाही म्हणून.

त्याच किनाऱ्यावर, कोटाबाहेर, शनिवारी घाणा बंद असायचा आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. फार तर टोपणनाव पडलं.

तर मग अभिमान बाळगायला काय हरकत आहे? थोडी आहे. तो घाणा बंद राहू दिला तो प्रेमापोटी नव्हे. आपल्याकडे प्रत्येक जातीला तिची जागा होती आणि त्या जागेत तिने काय करावं याची दुसऱ्याला फिकीर नव्हती. तेल घालणारा तेली. देव कोणता का असेना, बसायचं तेल्याच्याच पायरीवर. आणि ही पायऱ्यांची सवय त्यांनीही उचलली. गोरे इस्रायल, काळे इस्रायल असा भेद केला, आपसांत लग्नं नाहीत. आपला गुण आणि आपला रोग, दोन्ही त्यांना लागले. म्हणून 'आम्ही दिलं' हे वाक्य मला खटकतं. जगले ते त्यांच्या हिमतीवर. आपण जाळलं नाही, एवढं मात्र खरं, आणि ते कमी नाही.

तिकडे स्पेनमधून हाकललेल्यांपैकी काही फिरतफिरत कोचीला पोचले. तिथे त्यांना परदेशी म्हणत, १५६८ चं त्यांचं सिनेगॉग अजून उभं आहे. पुढे कोचीच्या शिक्षकांनी आपल्या तेल्यांना विसरलेली प्रार्थना शिकवली. झिराड, राजपूर, शहापूरच्या घराण्यांतले तीन काजी नेमल्याची गोष्ट जुनी माणसं सांगतात, ती दावीद राहबीच्या नावाने. आज अलिबागच्या इस्रायल आळीत प्रार्थना होते ती स्पेनच्या त्या निर्वासितांच्या पद्धतीने. आणि एलिया हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात तो पोहे, गूळ, खोबऱ्याचा. इतकं सरमिसळ झालेलं तुम्ही वेगळं काढणार कसं?

आडनावं बघा. किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. ह्या माणसांच्या आडनावातच सातबारा आहे. सिनेमातला डेव्हिड आठवतो? डेव्हिड अब्राहम चेऊलकर. डॉ. जेरूशा झिराड, मुंबईत हजारो बाळंतपणं सुखरूप करणाऱ्या, पद्मश्री. झिराड आपलं, अलिबाग-मांडवा रस्त्यावरचं.

स्वातंत्र्याच्या सुमाराला ते वीस हजारांच्या आसपास होते, मग बहुतेक इस्रायलला गेले. तिकडे गेल्यावर काय झालं? तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्न लावायचं तर आधी आज्या-पणज्यांची चौकशी. ह्या लोकांनी १९६२ पासून आंदोलनं केली, उपोषणं केली, १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. इकडे दोन हजार वर्षं कागद न मागता राहिलेली माणसं, स्वतःच्या म्हणवलेल्या देशात कागदासाठी रस्त्यावर बसली. तरी मराठी सोडली नाही, तिकडून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

स्पेनने २०१५ मध्ये कायदा केला, हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांनी कागद दाखवावेत, नागरिकत्व देऊ. पाचशे वर्षांनी का होईना. हाकललेल्या मोरिस्कोंच्या वंशजांना मात्र काही नाही. चूक कबूल करायची तीही सोयीची. आपण हसायचं कारण नाही, आपल्या ग्रुपवरही तेच चालतं. ज्यूंना आसरा दिल्याचा अभिमान मिरवणारेच दुसऱ्या दिवशी जेटीवरच्या खलाशाला, वीटभट्टीवरच्या कुटुंबाला 'मूळचे कुठले हे?' म्हणून विचारतात.

आता कबरस्तानाचं. कोणी राहिलं नाही म्हणता, पण दर वर्षी दोन-चार कुटुंबं येतात की. मी लहान असताना आमची आजी त्यांना शहाळी द्यायची. परवाच्या हिवाळ्यात एक म्हातारे गृहस्थ आले होते. हिब्रू आणि मराठी अक्षरांचा तो दगड त्यांनी हाताने पुसला, वडलांचं नाव वाचलं आणि मला विचारलं, "भाऊ, हे असंच राहील ना?" मी म्हटलं, राहील काका.

शब्द मी दिलाय, आता निस्तरायचंही मलाच.

रस्त्याला माझा विरोध नाही. ओढ्याच्या बाजूने वळण घेतलं तर रस्ता होतो, मी पावलांनी मोजून आलोय. थोडा लांब पडेल, स्कीमवाल्यांचे चार पैसे जास्त जातील, जाऊ देत. पण आधी त्या जागेची सरकारी मोजणी झाली पाहिजे, हद्दीचे दगड बसले पाहिजेत आणि गावाच्या नकाशावर ती जागा कबरस्तान म्हणून स्पष्ट दिसली पाहिजे. पडीक म्हणून नव्हे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. सूचक मी, अनुमोदक अजून मिळालेला नाही. ग्रुपवर झेंडे टाकणाऱ्यांपैकी कोणी तयार असेल तर मला फोन करा. नंबर सगळ्यांकडे आहे.